पन्नास आणि पन्नास

सोमवार, २६ ऑक्टोबर

झिवादिन सर अक्रोडाच्या झाडावरून पडले. वय त्रेसष्ट, आणि हे महाशय हातात काठी घेऊन वर चढले होते, अक्रोड झोडायला. मांडीचं हाड मोडलंय, नवीन वर्षापर्यंत काही उठत नाहीत. मुख्याध्यापिकेनं मला बोलावून घेतलं आणि साखर घोळलेल्या आवाजात म्हणाली की नववीचं रसायन आता तुम्हीच घ्यायचं. मी म्हटलं, मी भूगोलाची बाई, एकतीस वर्षं डोंगर आणि नद्या शिकवतेय. त्यावर ती म्हणाली, नदीत पाणीच असतं ना, आणि पुढचा धडा द्रवांचाच आहे. ह्या बाईशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

धड्याचं नाव 'द्रवांचे गुणधर्म व आंतररेण्वीय बले'. नुसतं नाव वाचून जांभई आली. दोनदा वाचला. कळलं ते एवढंच की रेणू एकमेकांना ओढतात, कुणी कमी, कुणी जास्त.

घरी नवीन पाहुणे आलेत. माझ्या नवऱ्यानं, तिहोमिरनं, शहरातून काचेचे मोठे बुधले आणलेत, लिटरलिटरच्या खुणा असलेले, आणि दारूची तीव्रता दाखवणारी तरंगती काचकांडी. वसंतात पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हा माणूस घरातलं सगळं मोजत सुटलाय. सरपण, पाऊस, मी कॉफीत घालते ती साखर. आता यंदाची राकिया, घरची फळांची दारू, तीही मोजून होणार म्हणे. इतकी वर्षं तो आणि आमच्या लग्नाचे साक्षीदार ओब्राद कुम छोटी बाटली हलवायचे, गळ्याशी बुडबुड्यांच्या मण्यांची माळ किती वेळ टिकते ते बघायचे, आणि दोघं एकदम म्हणायचे, झाली. त्या राकियाला कधी कुणी नावं ठेवली नाहीत.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

आज मजा आली. लिहायलाही लाज वाटते, पण आली.

झिवादिन सरांच्या वहीत एक प्रयोग होता. वीस दिनारचं नाणं ठेवायचं आणि त्यावर ड्रॉपरनं थेंब थेंब पाणी सोडायचं. मुलांना विचारलं, किती मावतील? कुणी आठ म्हणालं, कुणी दहा. एकतीस मावले. पाणी नाण्यावर फुगून बसलं आणि काही केल्या खाली उतरेना. मग तसंच स्पिरिट सोडलं. चौदाव्या थेंबालाच ओघळलं. सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा. एरवी माझ्या तासाला मागच्या बाकांवर डोकी टेकलेली असतात.

थेंब मोजत होती दुन्या, ओब्राद कुमची नात. तिची आई परदेशात, लिन्झला, इस्पितळात काम करते, पोर आजोबांपाशी वाढतेय. हात इतका स्थिर की सुईत दोरा ओवावा. तिनं विचारलं, पाणी पाण्याला एवढं घट्ट का धरून बसतं? मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगते. म्हणजे मला माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. पाण्याच्या रेणूला एक ओढणारं टोक आहे आणि दोन ओढली जाणारी. म्हणजे एकेक रेणू चौघांचे हात धरून उभा. स्पिरिटला हात कमी. हे मला पंधराव्या वर्षी कुणी का सांगितलं नाही?

रविवार, १ नोव्हेंबर

ओब्राद कुम ट्रॅक्टर घेऊन आले आणि चाळीस लिटर जड, म्हणजे पाणी न घातलेली, राकिया घेऊन गेले. दोनदा गाळलेली, काचकांडी सत्तरावर. वरच्या गावात त्यांच्या झऱ्याचं पाणी मऊ आहे, त्यानं राकिया गढूळ होत नाही, म्हणून पाणी नेहमी तेच घालतात. यंदा तिहोमिरनं हातात चिठ्ठी दिली: चाळीस, त्यात तेवीस पाणी, एकूण त्रेसष्ट. ओब्राद कुम चिठ्ठीकडे बघून हसले. "पोस्टातून सुटलास, पण पोस्ट तुझ्यातून सुटलं नाही," म्हणाले.

त्यांनी अकरा वर्षांत थेंबाला स्पर्श केलेला नाही. बायको गेली तेव्हा ते खानावळीत टेबलावर डोकं ठेवून झोपले होते. उठवायला माणूस पाठवला, पण उठले नाहीत. तिच्या मातीवर हात ठेवून शपथ घेतली, ती पाळली. राकिया बनवतात, पण नाकानं आणि डोळ्यांनी. जीभ लावत नाहीत. आमच्या लग्नातले कुम ते, म्हणून मी त्यांची कुमा, आणि आमच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं ते त्यांनीच. इकडे म्हणतात, कुम म्हणजे काही कोटाचं बटण नाही, तुटलं की दुसरं लावायला.

बुधवार, ४ नोव्हेंबर

व्हायचं ते होऊन बसलं.

ओब्राद कुम राकिया घेऊन परत येत होते, तर तिहोमिर त्यांना रोसांदाच्या दुकानापुढेच भेटला. तिथे नेहमीची पाच-सहा मंडळी बाकावर. घरी येईपर्यंत दम निघेल तर तो तिहोमिर कसला. बुधले तिथेच उतरवले, खुणा वाचल्या. बासष्ट. पुन्हा वाचल्या. बासष्ट. आणि मग सगळ्यांसमोर म्हणाला, "काय कुम, वाटेत तहान लागली?"

हे मला रोसांदानं सांगितलं. मंडळी हसली म्हणे. ओब्राद कुमनी टोपी घातली, ट्रॅक्टर वळवला आणि गेले.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी घरात त्याला हवं ते बोलले. तो म्हणतो, गंमत केली. पुढच्याच वाक्याला म्हणतो, पण मग लिटर गेला कुठे? बुधले गळत नाहीत, चिठ्ठीप्रमाणे पाणी घातलं असं बुधले उतरवताना ते स्वतः म्हणाले. बासष्ट म्हणजे बासष्ट.

इथे मी खरं लिहिणार आहे, कारण ही वही कुणी वाचत नाही. क्षणभर मलाही वाटलं. नोव्हेंबर महिना, ह्याच महिन्यात त्यांची बायको गेली. माणूसच आहे, वाटलं असेल एक घोट. मग स्वतःचीच लाज वाटली. पण वाटलं होतं हे खरं.

एकवीस तारखेला आमचा स्लावा, कुळाच्या संताचा दिवस. स्लावाला कुणाला बोलावत नाहीत. एकदा आलेला माणूस दरवर्षी आपणहून येतो, आणि यजमानानं बोलावणं म्हणजे तू आता आमचा राहिला नाहीस असं तोंडावर सांगणं. पस्तीस वर्षं ओब्राद कुम सगळ्यांत आधी येतात. यंदा आले नाहीत तर गावाच्या लेखी आमचं कुमपण संपलं. आणि लोक म्हणतील, आला नाही, कारण प्याला होता.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

रसायनाचा तास. आज दाखवायचं होतं की तेल पाण्यात मिसळत नाही आणि स्पिरिट मिसळतं. तेलाचं झालं. मग दुन्याला म्हटलं, मोजपात्रात पन्नास मिलिलिटर पाणी घे, पन्नास स्पिरिट घे, एकत्र कर, आणि शंभर झाले की पुढे आण. तिनं आणलं ते साडेशहाण्णव.

मी म्हटलं, कुठे सांडलंस? ती म्हणाली, सांडलं नाही. मी म्हटलं, "दुन्या, पन्नास आणि पन्नास शंभर होतात. निदान आमच्या भूगोलात तरी होतात." वर्ग हसला. मुलं माझ्या विनोदाला क्वचित हसतात, त्यामुळे बरंही वाटलं. तेवढ्यात मागून वुकाशिन म्हणाला, "आजोबांवर गेलीय, वाटेत पिऊन टाकलं." वर्ग आणखी मोठ्यानं हसला.

मी त्याला गप्प बस म्हटलं. पण जितक्या जोरात म्हणायला हवं होतं तितक्या जोरात नाही म्हटलं. दुन्यानं मोजपात्र धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. तास संपल्यावर तिची वही बघितली. 'साडेशहाण्णव. सांडलेलं नाही.' खाली दोन रेघा ओढल्या होत्या. जरा हट्टीच आहे, आजोबांसारखी.

सोमवार, ९ नोव्हेंबर

दुन्या शाळेत आली नाही. सर्दी झाली असेल.

मधल्या सुट्टीत तो प्रयोग मी स्वतः केला. पन्नास. पन्नास. डोळा अगदी रेषेच्या पातळीला आणून. साडेशहाण्णव. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून मोजपात्राला दोष दिला आणि दुसरं घेतलं. साडेशहाण्णव. मग वाटलं उडून जात असेल, म्हणून वर बशी झाकली. तेच. आणि आणखी एक नवल: मिसळल्यावर काच हाताला कोमट लागली. चूल नाही, दिवा नाही, कोमट. आता कोमट झालेली वस्तू फुगते एवढं तर मलाही ठाऊक आहे. ही आक्रसली कशी?

भूक लागली होती हेही विसरले. घंटा झाली तरी मी तिथेच. तीन वेळा मोजलं म्हणजे पोरगी खरं बोलत होती. तिला बोलले ते उगाच बोलले.

मंगळवार, १० नोव्हेंबर

झिवादिन सरांकडे गेले. पाय लोखंडी चौकटीला टांगलेला, आणि त्याही अवस्थेत माझा प्रश्न ऐकून माणूस असा खूश झाला की नर्स आत डोकावली. त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, बादलीभर अक्रोड आणि बादलीभर बाजरी एका पिंपात ओतली तर दोन बादल्या भरतील का? मी म्हटलं, नाही, बाजरी अक्रोडांच्या फटींत जाईल. म्हणाले, अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं म्हणजे ओढ. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून ऐसपैस उभे असतात, मध्ये मोकळी जागा ठेवून. स्पिरिट आलं की हात सुटतात, नवे धरले जातात, आणि सगळे आधीपेक्षा जवळ येऊन बसतात. नवे हात धरताना ऊब बाहेर पडते. म्हणून काच कोमट.

गेलं काहीच नाही. वजन केलं तर तेवढंच भरतं. जागा कमी लागते, इतकंच.

छपन्नाव्या वर्षी कुणीतरी खिडकी उघडावी तसं झालं. सर म्हणाले, हा प्रयोग मी दरवर्षी करतो आणि मुलांना विचारतो, चोर कोण? यंदा मुलं काय म्हणाली? मी विषय बदलला.

घरी आले तर तिहोमिर टेबलाशी, पुढे ती चिठ्ठी. चाळीस अधिक तेवीस, चाळीस अधिक तेवीस. मी म्हटलं, ठेव रे तो कागद आता, पुरे झालं ते लिटरपुराण. बुधवारपासून आमचं धड बोलणं नाहीच. आज मला इतकं सुंदर काही कळलं आणि सांगायला घरात माणूस नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर वरच्या गावात गेले. दुन्याची माफी मागायची, एवढंच मनात होतं. ओब्राद कुमनी दार उघडलं. आत या म्हणाले, पण दरवर्षीसारखं खुर्ची ओढून दिली नाही. दुन्या चुलीपाशी पाठ करून उभी. ओब्राद कुम सुरीनं बिहीची फळं सोलत बसले, मुरंब्यासाठी.

मी म्हटलं, दुन्या, तू सांडलं नव्हतंस. मी स्वतः करून पाहिलं. पाणी आणि स्पिरिट मिसळलं की बेरजेइतकं होतच नाही, थोडं कमीच होतं. कुणीही केलं तरी.

सुरी थांबली.

"परत सांगा, कुमा," ओब्राद कुम म्हणाले.

मी परत सांगायला लागले आणि अर्ध्या वाक्यात थांबले. चाळीस आणि तेवीस. देवा. मी तीन दिवस ते मोजपात्र उराशी धरून हिंडत होते, घरात त्या चिठ्ठीवरून ओरडले होते, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

मला वाटलं, आता ते हसतील. हसले नाहीत. सुरी खाली ठेवली.

"म्हणजे आता मी खरा ठरलो," म्हणाले. "अकरा वर्षं रोज सकाळी उठून मी प्यालो नाही. त्यावर तुमचा कुणाचा विश्वास बसला नाही, कुमा. काचेच्या नळीवर बसला."

मी रडले. दुन्यानं पाण्याचा पेला आणून समोर ठेवला आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन उभी राहिली. जाताना दारापर्यंत कुणी आलं नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर

काल तिहोमिरला सांगितलं. आधी म्हणाला, शाळेच्या काचेचं काय खरं. मग स्वतःच्या मापानं, स्वतःच्या हातानं केलं. तीनदा. तिसऱ्यांदा माप खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "मग तो लिटर गेला कुठे?" मी म्हटलं, कुठेच गेला नाही. तुझ्याच बुधल्यांत आहे. दाटीवाटीनं बसलाय.

ह्यावर बोधकथा रचायचा मोह मला झाला होता. रचत नाही. रेणूंना कुम नसतात.

आज सकाळी त्यानं घरात छातीला चोळायला राखलेली पाच लिटर जड राकिया उचलली आणि दुकानात गेला. मी मागोमाग. बाकावर तीच मंडळी. रोसांदाला म्हणाला, तुझ्या मापानं तीन लिटर पाणी ओत. तिनं ओतलं. आठ व्हायला हवे होते. एक छोटा पेलाभर कमी भरलं. मंडळींनी आळीपाळीनं वाकून बघितलं, एकानं बुधल्याखाली हात फिरवून ओल आहे का पाहिलं. तिहोमिरनं सगळ्यांना हवं तितकं बघू दिलं. मग टोपी काढली.

"ह्याच जागी मी माझ्या कुमाला चोर म्हणालो," तो म्हणाला. "हसलो, पण म्हणालो तेच. तो चोर नव्हता. मीच मूर्ख."

कुणी हसलं नाही. अडतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागून लोकांना रांगेत नीट उभे राहा म्हणून दरडावणारा हा माणूस. मला त्याचा अभिमान वाटला, आणि तसं मी त्याला घरी येताना सांगितलं.

बुधवार, १८ नोव्हेंबर

वरच्या गावात निरोप पोचला असणार. रोसांदाच्या दुकानातली गोष्ट दुपारपर्यंत पोचतेच. पण तिकडून काही नाही. दुन्या शाळेत येते, पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर गेलीय. विचारलं तर उत्तर बरोबर देते, वर बघत नाही.

तिहोमिरनं मोजणं बंद केलंय. कॉफीत किती साखर घातली हेही विचारलं नाही. त्यानं विचारावं म्हणून मी आज दोन चमचे जास्त घातली.

शनिवार, २१ नोव्हेंबर, संध्याकाळ

क्रमानं लिहिते, नाहीतर राहून जाईल.

मेणबत्ती लावली, पाद्री येऊन स्लावाचा पाव कापून गेले. एरवी ओब्राद कुम पाद्रींच्याही आधी हजर असतात. यंदा त्यांच्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं आणि कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. साडेदहाला तिहोमिरनं कोट चढवला. मी म्हटलं, कुठे? स्लावाला यजमान उंबरा ओलांडत नाही. दिवसभर उभं राहून पाहुण्यांना वाढायचं असतं. तो म्हणाला, वाढ तू. आणि भर रस्त्यातून, सगळ्या खिडक्यांसमोरून, वर चालत गेला.

तासाभरानं परत आला तो चेहरा राखेसारखा करून. कोठीघरात मला ओढून सांगितलं. फाटकाशी उभा राहून म्हणाला होता, कुम, मी बोलवायला आलोय. ओब्राद कुम अंगणात लाकडं फोडत होते. त्यांनी कुऱ्हाडही खाली ठेवली नाही. "स्लावाला बोलावत नाहीत, तिहोमिर," म्हणाले आणि पुढचं लाकूड घेतलं.

"संपलं, स्तामेंका," तिहोमिर म्हणाला. "मीच जाऊन संपवून आलो." मी त्याच्या कोटाची बटणं काढली, त्याला ते सुचत नव्हतं. मग तो बाहेर जाऊन सूप वाढायला लागला, कारण पाहुणे बसले होते.

दीड वाजता कुत्रा भुंकला. दारात ओब्राद कुम, अंगावर काळा कोट, हातात रुमालात बांधलेला पाव, मागे दुन्या. सगळे चमचे थांबले.

"तू बोलावलंस म्हणून आलेलो नाही," ते तिहोमिरला म्हणाले. "पस्तीस वर्षं येतो, तसा आलो."

आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले. तिहोमिर हातात सुपाचा डाव घेऊन सगळ्यांदेखत रडला, लहान मुलासारखा, नाक वर ओढत. ओब्राद कुमनी थोडा वेळ जाऊ दिला, मग म्हणाले, आता वाढतोस की तेही मोजायचंय? पहिल्यांदा पाहुणे हसले ते ह्यावर.

दुन्या टेबलाच्या टोकाला बसली होती. मी तिच्या ताटात केकचा मोठा तुकडा ठेवला. ती म्हणाली, "थँक्यू, बाई." एवढीशी असल्यापासून ही मुलगी ह्या घरात मला कुमा म्हणते.

पाहुणे गेलेत, भांडी तशीच पडलीत, मी आधी हे लिहायला बसले. तिहोमिर जिथे बोलला होता तिथेच जाऊन त्यानं ते मागे घेतलं, त्याच बाकावरच्या माणसांसमोर. मी वर्गात बोलले, तीस पोरांपुढे, हशा मिळवला. आणि माफी कुठे मागितली? वरच्या गावात, एका स्वयंपाकघरात, जिथे आजोबा आणि चूल सोडून ऐकायला कुणी नव्हतं. आणि तेवढ्यावर मला वाटलं, फिटलं.

सोमवारी दुसरा तास रसायनाचा आहे. वुकाशिन असेल, सगळे असतील. आधी हजेरी नाही, धडा नाही. उभं राहून सांगायचं.